दहावी कुपी

नऊ होत्या. रत्नप्रभाने त्या पांढऱ्या ट्रेमध्ये एका रांगेत लावल्या, प्रत्येकीच्या बुडावरून अंगठा फिरवला आणि पुन्हा मोजल्या. नऊच. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. दहावी पास झालेल्या मालात असणार, मागच्या भिंतीशी रॅकवर ठेवलेल्या ट्रेमध्ये, आणि दर शनिवारी राहिलेल्या कुप्या तिथूनच शोधून काढायच्या असत. ती वळली. रॅक रिकामा होता. सकाळभर तिथे एकावर एक चढवलेले ट्रे कुणीतरी उचलून नेले होते, आणि पत्र्याच्या फळ्यांवर त्यांच्या पायांचे ओले चौकोन तेवढे उरले होते. दीड वाजून गेला होता. अर्धा दिवस संपल्यामुळे मुली घरी गेल्या होत्या, टेबलांवरचे दिवे विझले होते, आणि खोलीत स्पिरिटचा वास आणि पंख्याची घरघर एवढंच होतं. ती टेबलाशी गेली. चिठ्ठ्यांच्या वहीतली वरची चिठ्ठी फाडून नेलेली होती. पास माल उचलायला हरकत नाही असं सांगणारी ती चिठ्ठी सकाळीच सही करून तिने स्वतः तयार ठेवली होती, मागाहून घाई नको म्हणून. तपास पुरा झाल्याशिवाय चिठ्ठीवर सही करायची नाही, हे वाक्य तीन महिन्यांपूर्वी फळ्यावर खडूने लिहून तिने बारा मुलींकडून मोठ्याने वाचून घेतलं होतं.

कारखाना मरोळला होता, दम्याच्या इंजेक्शनच्या कुप्या भरणारा. कुपीत औषध भरलं की ज्योतीवर तिची मान वितळवून बंद करत, आणि त्या वेळी कधी कधी मानेच्या काचेचा कण, रव्याच्या दाण्याहून बारीक, आत पडे. तो कण डॉक्टरच्या सुईतून थेट माणसाच्या शिरेत जायचा. म्हणून भरलेली प्रत्येक कुपी दिव्यासमोर धरून तपासायची, आणि हे काम बायका करत. रत्नप्रभा एकसष्ट साली इथे लागली तेव्हा रीटाबाई नावाच्या जाड भिंगांच्या चष्म्याच्या बाईने तिला शिकवलं होतं. चार कुप्या एकदम मानेशी धरायच्या, उलट्या करायच्या, सुलट्या करायच्या, मग काळ्या फळीसमोर धरून मनात पाच मोजायचे, पांढऱ्या फळीसमोर धरून पाच मोजायचे. बुडबुडा वर जातो, काच खाली येते. एवढंच शिक्षण. पहिल्या वर्षी रत्नप्रभा झोपेतही पाच मोजायची. मग कधीतरी पाचाचे तीन झाले. कधी झाले ते तिला आठवत नव्हतं, जशी माणसाला आपण चालताना पाय कधी ओढायला लागलो ते आठवत नाही. आणि अकरा वर्षांनी, या बहात्तर साली, हर्बर्टसाहेबांनी तिला टेबलावरून उठवून शिकवणारी केलं, तेव्हा फळ्यावर पाचाचा आकडा काढताना तिचा हात जरासा थबकला होता.

हर्बर्टसाहेब ट्रेनिंग ऑफिसर होते. वर्षभरापूर्वी ते दोन महिन्यांचा कोर्स करून आले आणि तेव्हापासून एकच गोष्ट बोलत. “वर्गात सगळेच पास होतात, रत्नाबाई. तीन महिन्यांनी, कुणी बघत नसताना, ते हातात उरलं आहे का? ते मोजायचं.” आधी त्यांनी तिला घड्याळ घेऊन काचेच्या खिडकीआड बसवलं. पण तिची सावली दिसली की मुली पाच मोजत आणि सावली सरकली की दोन. मग ही शनिवारची युक्ती निघाली. काचेचा कण पडलेल्या दहा कुप्या आधीच वेगळ्या काढायच्या, ओळखू याव्यात म्हणून त्यांच्या बुडावर छोट्या कानशीने एक ओरखडा काढायचा, आणि मुलींच्या नकळत त्या चालू मालात सोडायच्या. किती पकडल्या ते मोजायचं. न पकडलेल्या पास मालातून अंगठ्याने चाचपून परत काढायच्या, आणि त्याशिवाय एकही ट्रे खोलीबाहेर जाऊ द्यायचा नाही. पहिल्या शनिवारी मुलींनी चार पकडल्या. मग पाच. मग सात. हर्बर्टसाहेबांच्या केबिनमध्ये भिंतीवर आलेखाचा कागद होता, त्यावर ते लाल पेन्सिलीने रेघ पुढे ओढत आणि मागे सरकून बघत. आज नऊ. नाकारलेल्या मालात नववी मिळाली तेव्हा रत्नप्रभाला इतका आनंद झाला की दहावी शोधायला वळण्याऐवजी ती ट्रे घेऊन जिना चढून केबिनमध्ये गेली. साहेबांनी रेघ ओढली, तिला बसायला सांगितलं, चहा मागवला. तिने तो बशीत ओतून सावकाश प्यायला. एवढ्या वेळात खाली रॅक रिकामा झाला होता.

ती लेबल खात्याकडे गेली. मधल्या बोळात तिच्या चपलांचा आवाज तिला फार मोठा वाटला. लेबल खातं शनिवारीसुद्धा चार वाजेपर्यंत चाले. मशीन खडखडत होतं आणि तिथला सुपरवायझर कुंडलिक एका हाताने तिच्या खोलीतले ट्रे मशीनच्या पसरट तोंडात ओतत होता. कुप्या एकमेकींवर किणकिणत घरंगळत होत्या, कालच्या, आजच्या, सगळ्या एकत्र, आणि पलीकडून निळी लेबलं लावून दहा-दहाच्या खोक्यांत जात होत्या. अठरा हजारांचा लॉट होता. “काय पाहिजे बाई?” कुंडलिकने मशीनच्या आवाजावरून विचारलं. आता बोलली असती तर मशीन थांबलं असतं. एवढं सोपं होतं ते. एक शब्द, आणि मग कुंडलिकचं तोंड, मग फोन, मग जिन्यावरून उतरणारे साहेब, भिंतीवरची लाल रेघ, आणि ती चिठ्ठी, तिच्या वळणदार सहीची. “काही नाही,” ती म्हणाली. “सोमवारी गाडी किती वाजता?” “नऊला. का?” “असंच,” ती म्हणाली आणि बाहेर आली. बाहेर ऊन लख्ख होतं. बसच्या रांगेत उभं राहिल्यावर तिच्या लक्षात आलं की आपला उजवा अंगठा आपण बोटांवर फिरवतो आहोत, काहीतरी शोधत असल्यासारखा.

जोगेश्वरीला गुंफेच्या बाजूच्या चाळीत ती आईबरोबर राहायची. वडील गेल्यावर आई मालन मालवणहून आली ती इथलीच झाली. तिला दमा होता. ती त्या संध्याकाळी बरी होती, कुळीथ निवडत बसली होती. रत्नप्रभा तिच्यासमोर बसली आणि आईच्या बोटांकडे बघत राहिली. खडा आला की आईचं बोट न बघताच थांबत होतं. रत्नप्रभा विचार करत होती, ती कुपी कुठे जाईल. कुठल्या तरी गावच्या डॉक्टरच्या बॅगेत. नाहीतर इथेच, घाटकोपरच्या एखाद्या दवाखान्यात, बाकावर पदर तोंडाशी धरून बसलेल्या बाईच्या दंडात. तिने ती बाई बघितली. तिला चेहरा नव्हता, फक्त दंड होता, रबरी नळीने आवळलेला, आणि त्यावर फुगलेली हिरवी शीर. काचेचा कण शिरेत गेल्यावर पुढे काय होतं हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. रीटाबाई फक्त म्हणायची, जाऊ द्यायचा नाही. त्यामुळे पुढचं सगळं तिच्या मनाने स्वतःच भरलं, कण शिरेतून वर जाताना, खांद्यापाशी वळताना, कुठेतरी अडताना. “जेवलंस काय गो?” आईने विचारलं. ती जेवली होती की नव्हती हे तिला पटकन आठवेना.

रविवारी सकाळी आईला दम लागला. आधी नुसती शिटी वाजल्यासारखा आवाज, मग उशीवर हात रोवून बसणं, मग ओठांच्या कडा निळसर. शेजारचा शिवदास जाऊन डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टर नेहमीचे, घाईत असलेले, गळ्यात स्टेथॉस्कोप अडकवून आलेले. त्यांनी बॅगेतून खोकं काढलं आणि त्यावरचं निळं लेबल रत्नप्रभाने खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओळखलं. ही कालची नव्हे, हे तिला कळत होतं. कालची अजून मरोळलाच होती. तरी डॉक्टरांनी कुपीच्या मानेवर कानस टेकवली तेव्हा ती पुढे झाली आणि कुपी त्यांच्या हातातून काढून घेतली. “अहो बाई, काय करताय?” डॉक्टर म्हणाले. खुंटीला काळी छत्री होती. खिडकीतला उजेड कुपीवर पडेल अशी ती उभी राहिली, कुपी उलटी केली, सुलटी केली, छत्रीच्या कापडासमोर धरली. एक. मागे आईचा श्वास आत जात होता, पुरा जात नव्हता. दोन. कुपीत काहीतरी चमकलं. तीन. ते वर गेलं, बुडबुडा. चार. पाच एवढा लांब असतो हे ती विसरून गेली होती. मग तिने भिंतीवर वाळत घातलेला पांढरा टॉवेल शोधला आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. “तुमच्या आईला श्वास घेता येत नाहीय,” डॉक्टर म्हणाले, आता जरा मोठ्याने. तिला ऐकू येत होतं. तीन. चार. पाच. तिने कुपी परत दिली तेव्हा डॉक्टर तिच्याकडे अशा नजरेने बघत होते की जणू दमा तिलाच झाला आहे.

औषध चढलं आणि आईचा श्वास हळूहळू मोकळा झाला. तासाभराने ती भिंतीला टेकून चहा पीत म्हणाली, “काय बघत होतंस गो त्येच्यात?” रत्नप्रभाने “काही नाही” म्हटलं, आणि म्हणता म्हणताच तिला जाणवलं की दोन दिवसांत हे शब्द आपण दुसऱ्यांदा बोललो. पण तिला खरं भय वाटत होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. छत्रीसमोर मोजलेले ते पाच आणि टॉवेलसमोरचे पाच, हे गेल्या किती वर्षांत तिने पहिल्यांदा पुरे मोजले होते. मुली मोजत नाहीत म्हणून ती खिडकीआड घड्याळ घेऊन बसली होती. तिच्या मागे खिडकीआड कुणी बसलं असतं तर? तिने पातळ बदललं, शिवदासच्या बायकोला, विमलाला आईजवळ बसायला सांगितलं, आणि मरोळची बस धरली.

हर्बर्टसाहेबांचं घर मरोळच्या गावठाणात होतं, क्रुसाच्या पुढे, ओटीवर लाकडी बाक असलेलं. ते नुकतेच चर्चमधून, मिस्साहून आले होते, पांढऱ्या सदऱ्याची वरची बटणं सोडून बसले होते. त्यांच्या बायकोने, पॅट्रिशियाने, लिंबाचं सरबत आणून ठेवलं आणि आत गेली. ऑफिसाबाहेर साहेब अगदी साधे दिसत, कुणाच्याही थोरल्या काकांसारखे. रत्नप्रभाने सगळं सांगितलं. चिठ्ठीचंही सांगितलं. सांगताना तिची नजर बाकाच्या एका फटीवर होती, तिथून मुंग्यांची रांग निघाली होती.

“तू मला दहांचा हिशेब लागला असंच सांगितलंस ना?” ते म्हणाले. कामावर ते तिला अहोजाहो करायचे. आज गावठाणातलं तू आलं होतं.

“मी नऊ सांगितलं. दहावीचं तुम्ही विचारलं नाहीत.”

“विचारलं नाही.” त्यांनी मान हलवली. “खरंय. मी रेघ ओढत होतो.” त्यांनी पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. “ती फुटली असेल, रत्ना. रोज वीस-पंचवीस फुटतात. कुणीतरी झाडून बादलीत टाकली असेल.”

“असेल. नसेलही.”

“अठरा हजारात एक.”

“एकच माणूस असेल ना, साहेब, पण तो असेल.”

ते उठले, ओटीच्या कडेपर्यंत गेले आणि परत आले. “शुक्रवारी हेड ऑफिसचे लोक येतायत. आलेख बघायला. सगळ्या कारखान्यांत हे सुरू करायचं म्हणतात ते. मी त्यांना काय सांगू? की मोजणारीनेच नियम पाळला नाही?” हे ते रागाने बोलले नाहीत. त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला होता, आणि रत्नप्रभाला एकदम कळलं की हा माणूसही घाबरला आहे, माझ्याइतकाच, फक्त त्याची भीती दुसरीकडे तोंड करून बसली आहे. “उद्या बघू,” ते शेवटी म्हणाले. “मी दहाला येतो, तेव्हा बसून बोलू.” गाडी नऊला सुटते हे त्यांना माहीत होतं. आपल्यालाही माहीत आहे, हे त्यांना माहीत होतं का, ते तिला सांगता आलं नसतं. तिने सरबत संपवलं, कारण ते टाकून उठणं बरं दिसलं नसतं.

सोमवारी ती साडेसातलाच फाटकाशी उभी राहिली. चीफ केमिस्ट सामंत सायकलवरून आले तेव्हा त्यांनी तिच्याकडे बघून मान हलवली आणि पुढे गेले, आणि ती त्यांच्या मागे गेली. सायकल स्टँडवर लावता लावता त्यांनी तिचं सगळं ऐकलं. सामंत कमी बोलणारा माणूस. त्यांनी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. मग म्हणाले, “लॉट थांबवतो. तुम्ही हे लिहून द्या.” तिने लिहून दिलं. नऊ वाजता गाडी रिकामी उभी होती आणि ड्रायव्हर तिच्या सावलीत विडी ओढत बसला होता, हे तिने खिडकीतून बघितलं. हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. छातीत नुसती एक जागा रिकामी झाली आणि ती भरायला दुसरं काहीतरी वाट बघत उभं होतं.

अठरा हजार कुप्या पुन्हा तपासायच्या होत्या, खोकी फाडून, लेबलासकट. लेबलामुळे निम्मी काच झाकली जायची, म्हणून प्रत्येक कुपी तिरकी करून दुप्पट वेळ धरायची. बारा मुली आणि रत्नप्रभा तेरावी, अशा चार दिवस बसल्या. सामंत स्वतः मागे खुर्ची टाकून बसत आणि मोठ्याने मोजत, एक, दोन, तीन, चार, पाच, पलट, एक, दोन. त्या आवाजाखाली सगळ्यांच्या मनगटांत कळा यायला लागल्या. कुणी रत्नप्रभाशी बोलत नव्हतं. डब्याच्या वेळी तिच्या बाकावर कुणी बसलं नाही, आणि ती पोळीचा घास तोंडात तसाच धरून समोरच्या पिंपळाकडे बघत राही. मंगळवारी दुपारी शकु तिच्याशेजारी येऊन बसली. शकु तिच्याहून दहा वर्षांनी मोठी, अकरा वर्षं टेबलाला टेबल लावून बसलेली. अलीकडे ती ट्रेवरचा नंबर वाचताना कागद लांब धरायची, आणि रत्नप्रभाने ते बघूनही कधी लिहिलं नव्हतं.

“तुला एक सांगू?” शकु म्हणाली. “रागावू नको.”

“मी काय रागावणार.”

“तो ओरखडा बोटाला लागतो गं.”

रत्नप्रभाने तिच्याकडे बघितलं.

“दुसऱ्या शनिवारपासून,” शकु म्हणाली. “त्या नव्या पोरीला पहिल्यांदा लागला. तिने सगळ्यांना सांगितलं. शनिवारी कुपी घ्यायची ती बुडाकडून घ्यायची. खरखर लागली की बाजूला. बघायचं कशाला?” ती जराशी हसली आणि लगेच थांबली. “माझ्या डोळ्यांना तर तेच बरं पडलं. तुलाही बरं वाटायचं ना, आकडा वाढला की. तू जिना चढून जायचीस ना, आम्ही सगळ्या बघायचो. म्हणायचो, झकास, बाई खूश.”

पिंपळाची पानं हलत होती आणि वारा मात्र लागत नव्हता. चार, पाच, सात, नऊ. भिंतीवरची लाल रेघ वर चढत गेली होती आणि ती बोटांची रेघ होती. डोळे जिथे होते तिथेच होते, किंवा आणखी मागे गेले असतील, कारण बोटांना काम मिळाल्यावर डोळ्यांनी कशाला उघडं राहायचं. “आणि दहावी?” तिने विचारलं. “कोण जाणे,” शकु म्हणाली. “कुणाच्या हातून फुटली असेल. कुणी घाबरून बादलीत टाकली असेल. मी विचारलं सगळ्यांना. कुणी सांगत नाही.” मग ती उठली, डबा धुवायला गेली, आणि जाताना तिने रत्नप्रभाच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताने बाकीच्यांचा अबोला सुटला नाही, पण त्यानंतरचा घास गिळता आला.

गुरुवारी दुपारी शेवटचं खोकं संपलं. चार कुप्या बाजूला काढलेल्या होत्या. दोन शकुच्या शेजारणीने काढल्या, एक शकुनेच, एक रत्नप्रभाने. सामंतांनी त्या भिंगाखाली धरल्या. चारही कुप्यांच्या तळाशी कण होता, पुरा, धारदार, वळवला की चमकणारा. मग त्यांनी एकेकीच्या बुडावरून बोट फिरवलं आणि कुप्या रत्नप्रभाकडे सरकवल्या. तिने अंगठा फिरवला. गुळगुळीत. चारही गुळगुळीत. ती पेरलेली कुपी त्यात नव्हती. या चार कुणी मुद्दाम घातलेल्या नव्हत्या. त्या नेहमीसारख्या भरल्या गेल्या होत्या, नेहमीसारख्या बाराजणींच्या हातांतून पास होऊन रॅकवर गेल्या होत्या, आणि ती गप्प राहिली असती तर सोमवारी नऊला नेहमीसारख्या निघून गेल्या असत्या. “तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत,” सामंत म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. “पण दहावी नाहीच मिळाली.” “नाही,” ती म्हणाली. “आणि साहेब, याच्या आधीचे लॉट?” सामंतांनी टेबलावरचे कागद गोळा केले. खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. “आधीचे गेले,” ते म्हणाले, आणि कागद घेऊन उठले.

दुसऱ्या दिवशी हेड ऑफिसची माणसं आली आणि गेली. संध्याकाळी हर्बर्टसाहेबांनी तिला वर बोलावलं. भिंतीवर आलेख नव्हता, त्याच्या जागी चार टाचण्यांची भोकं होती. नियम मोडल्याबद्दल तिला शिकवण्याच्या कामावरून काढून पुन्हा टेबलावर पाठवलं होतं, तसं पत्र त्यांनी तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, “सामंतांकडे जाण्याआधी मला सांगितलं असतंस तर मीही त्या कागदावर सही केली नसती असं नाही. मला वेळ हवा होता फक्त.” तो माणूस खोटं बोलत नव्हता. वेळ तर सगळ्यांनाच हवा होता. पत्रावर सही करताना तिने पहिल्यांदा आपली सही नीट बघितली. अकरा वर्षं, रोज दीड-दोन हजार कुप्या, प्रत्येक ट्रेच्या चिठ्ठीवर हीच सही. काळ्यासमोर तीन, पांढऱ्यासमोर दोन, घरी उशीर होत असेल तेव्हा एकच. त्या कुप्या कुठे कुठे गेल्या होत्या हे ती मोजू लागली तर तिला देशाचा नकाशाही पुरला नसता. चेहरा नसलेली ती एक बाई आता एकटी नव्हती. त्यांची रांग होती, बाकावरून उठून दवाखान्याच्या दाराबाहेर गेलेली, दंड पुढे केलेली, आणि सगळ्याजणी तिच्याकडे न बघता डॉक्टरकडे बघत होत्या, विश्वासाने.

टेबलावर ती पुन्हा बसली. पाच आणि पाच मोजू लागली. तिचे ट्रे सगळ्यांत कमी भरत. तपासणीच्या सुपरवायझरने दोनदा टोकलं, शकुने कोपराने ढोसलं, “एवढं नको गं ताणू, वाट लागेल आपली.” पण तिला आता कमी मोजता येईना. मोजून झालं तरी शंका राहायची, बुडबुडाच होता ना, आणि ती कुपी पुन्हा उलटी करायची. संध्याकाळी डोळे मिटले की पापण्यांच्या आत काळं-पांढरं, काळं-पांढरं चालू राही. एका संध्याकाळी आईने पुन्हा विचारलं, तेव्हा तिने सगळं सांगितलं, पहिल्यापासून. आईने ऐकून घेतलं. मध्ये एकदाच विचारलं, “माका टोचलेला सगळा तूच बघलंस मां?” रत्नप्रभा म्हणाली, “नाही गं. आम्ही बाराजणी होतो.” आईने मान हलवली. तिला त्याने बरं वाटलं की नाही ते तिच्या तोंडावरून कळलं नाही.

पंधरा दिवसांनी, दिवेलागणीला, आईला पुन्हा दम लागला. या वेळी जोर जास्त होता. डॉक्टर आले, बॅग उघडली, खोकं काढलं. लेबल निळं होतं, आणि लॉटचा नंबर कुठला ते रत्नप्रभाने बघितलं नाही, मुद्दामच नाही बघितलं. डॉक्टरांनी कुपी हातात घेतली. मागचा प्रसंग त्यांना आठवत होता. त्यांनी तिच्याकडे पाठ केली आणि आईच्या दंडाला नळी आवळली. तेव्हा आईने दंड मागे घेतला. तिला बोलता येत नव्हतं, खांदे वरखाली होत होते, मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठल्या होत्या. तिने मोकळा हात उचलून लेकीकडे दाखवला. “आधी,” ती म्हणाली, आणि पुढच्या शब्दाला श्वास पुरेना. मग पुन्हा, “आधी तू बघ.”

डॉक्टरांनी वळून कुपी तिच्या हातात दिली. खिडकीत उजेड नव्हता. तिने दिव्याखाली धरली, छत्रीसमोर, मनात पाच मोजले. टॉवेलसमोर पाच. काही नव्हतं. तिला काही दिसत नव्हतं. काही नव्हतं आणि काही दिसत नव्हतं, या दोन्हींत किती अंतर आहे हे तिला आता कळत होतं, आणि ते अंतर डोळ्यांनी ओलांडता येत नाही हेही. चाळीस पॉवरचा पिवळा दिवा, अकरा वर्षं वापरलेले डोळे, आणि मागे आईचा श्वास, आत जाणारा, अडणारा. आई तिच्याकडे बघत होती. डॉक्टरकडे नाही, कुपीकडे नाही, तिच्याकडे. आणखी पाच मोजावेत असं तिच्या मनात आलं. आणखी पाच, आणि मग आणखी पाच, आणि तोवर आई गेलीही असती.

तिने कुपी डॉक्टरांच्या हातात दिली.

“द्या,” ती म्हणाली, आणि आईचा दंड स्वतःच्या दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.